मुठीतल्या चिंचोक्यांपासून हातच्यापर्यंत: लहान मुलांना संख्या फोडून बेरीज कशी शिकवायची

माझी लेक पहिलीत होती तेव्हाची गोष्ट. ८ + ५ करायला बसली. आठ बोटं उघडली, मग पाच मोजायला गेली तर हाताला दोनच बोटं शिल्लक, ती उघडली, थांबली, इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाली, "आई, तुझी तीन बोटं दे ना." मी दिली, तिनं १३ लिहिलं, विषय संपला. रात्री भांडी घासताना माझ्या डोक्यात आलं की हिनं तीनच का मागितली, पाच का नाही? म्हणजे पाचातली दोन स्वतःच्या हातावर बसवली, दहा पुरे केले आणि उरलेली तीन माझ्याकडून घेतली. जे मी तिला शिकवायच्या तयारीत होते ते ती आधीच करत होती, फक्त आपण काय केलं हे तिला सांगता आलं नसतं.

संख्या फोडून बेरीज म्हणजे एवढंच आहे. एक संख्या सोयीनं तोडायची, तुकडा दुसरीला द्यायचा, दहा पुरे करायचे आणि मग उरलेलं मिळवायचं. आपण मोठी माणसं दिवसभर हेच करतो पण मुलांना शिकवताना मात्र थेट उभी मांडणी आणि "हातचा एक" इथं उडी मारतो, आणि मग तिसरीतलं पोरगं सुद्धा टेबलाखाली बोटं मोजताना सापडतं. मी आधी लेकीला, मग सोसायटीतल्या चार-पाच पोरांना घेऊन बसले, त्यातून जे जमलं आणि जे फसलं ते इथं क्रमानं लिहितेय.

आधी मूल तयार आहे का ते बघा

दोन गोष्टी बघायच्या. एक, जेवायची ताटं मांडताना "पाच चमचे आण" म्हटलं की बरोबर पाच येतात का, म्हणजे एका वस्तूला एकच आकडा लागतो का. बऱ्याच मुलांना शंभरपर्यंत अंक पाठ असतात पण मोजताना बोट एकीकडं आणि तोंड दुसरीकडं असतं, ते पाठांतर म्हणजे गाणं आहे, मोजणं नाही.

दुसरी गोष्ट मजेशीर आहे. सहा चिंचोके ओळीत ठेवा, मुलाकडून मोजून घ्या, मग त्याच्यासमोरच ओळ लांब पसरवा आणि विचारा, "आता किती?" मूल परत मोजायला लागलं किंवा "आता जास्त झाले" म्हणालं तर अजून थांबा. स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांचा हा प्रयोग प्रसिद्ध आहे. पसरल्यानं वस्तू वाढत नाहीत हे ज्याला अजून पटलेलं नाही त्याला "पाच फोडले तरी पाचच राहतात" हे कसं पटणार? महिना-दोन महिने नुसतं मोजणं, वाटणं, ओळी लावणं चालू द्या. घाई कशाला, कुठं आयआयटीला बसायचंय.

सामान घरातलंच लागतं. वीसेक चिंचोके, अंड्यांचा रिकामा ट्रे, आइस्क्रीमच्या काड्या, रबरबँड, पत्त्यांचा एक जोड. घरात दोन वर्षांचं धाकटं रांगतं-पळतं असेल तर चिंचोके नकोतच, नाकात जातात, घशात जातात, त्याऐवजी पाण्याच्या मोठ्या जारची झाकणं घ्या.

पायरी १: मुठीत किती?

पाच चिंचोके घ्या, मुलाला मोजून दाखवू द्या. मग हात पाठीमागं नेऊन दोन मुठींत वाटा, दोन्ही मुठी समोर आणा आणि एकच उघडा. दोन दिसतायत. "दुसऱ्या मुठीत किती?" मूल अंदाज सांगेल, मूठ उघडायची, बघायचं, आणि मोठ्यानं म्हणायचं, "पाच म्हणजे दोन नि तीन." बस, एवढाच खेळ. मग मुलाची पाळी, ते लपवणार आणि आपण ओळखायचं. आपण मुद्दाम चुकायचं हं मधूनमधून, आईला चुकीचं पकडण्यात जो आनंद आहे त्याच्यावर हा खेळ आठ दिवस आरामात चालतो.

कधीतरी पाचही एकाच मुठीत ठेवा आणि रिकामी मूठ उघडून दाखवा. पोरं खदखदून हसतात आणि शून्याची ओळख फुकटात होते. पाचाच्या सगळ्या मिळून सहा फोडी होतात, ० नि ५, १ नि ४, २ नि ३, ३ नि २, ४ नि १, ५ नि ०. मोठ्यांना २ नि ३ आणि ३ नि २ एकच वाटतं पण पोरांना नाही वाटत, आणि ती वेगवेगळी असू द्यावीत, "अगं हे तर तेच उलटं झालं" हे त्यांचं त्यांना दिसलं की ते पक्कं बसतं.

आता इथं बहुतेक पालक एक चूक करतात, मीही केली. पाच दोन दिवसात आले की लगेच सहा, सात, आठ करत आठवड्यात दहावर पोचायचं. मूल उत्तर बरोबर देतं म्हणून आपण पुढं जातो पण उत्तर कसं दिलं ते बघत नाही. त्याचे डोळे बघा. दोन चिंचोके दिसल्यावर डोळे वर गेले, ओठ हलले, "तीन… चार… पाच" असं आतल्या आत मोजलं आणि मग "तीन" म्हणालं, तर ते मोजणं आहे. आणि मूठ उघडता उघडता "तीन!" आलं तर ते पाठ झालंय. पुढं जायचं ते दुसरं झाल्यावर. आमच्याकडं पाचाला एक आठवडा लागला, सहा-सात पटकन झाले, आठावर मात्र गाडी अडली ती अडलीच, दहा-बारा दिवस. आठ चिंचोके मुठीत मावत नाहीत हेही एक कारण होतं, मग वाटी पालथी घालून त्याखाली लपवायला लागलो.

रोज दहा मिनिटं पुरे. मूल रंगात असताना खेळ थांबवायचा, कंटाळल्यावर नाही.

लिहायचं असेल तर झाडासारखं लिहा. वर ७, खाली दोन फांद्या, एकीवर ५ दुसरीवर २. बरोबरचं चिन्ह अजून आणायची गरज नाही. आणलंच तर ७ = ५ + २ असंही लिहून दाखवा, कारण फक्त ५ + २ = ७ बघत आलेल्या मुलांना वाटतं की = म्हणजे "आता उत्तर लिहा". माझ्या लेकीनं ७ = ५ + २ बघून "आई, हे उलटं लिहिलंय, चूक आहे" म्हणून लाल पेन मागितला होता.

पायरी २: दहाच्या जोड्या, आणि अंड्यांचा ट्रे

अंड्यांचा नेहमीचा पुठ्ठ्याचा ट्रे ३० अंड्यांचा असतो, एका बाजूनं पाच खळगे आणि दुसऱ्या बाजूनं सहा. तो अशा रीतीनं कापा की पाच-पाचच्या दोन ओळींचे तुकडे पडतील. एका ट्रेतून तीन तुकडे निघतात, प्रत्येकात दहा खळगे. झाली आपली दहाची चौकट. कापायच्या आधी ट्रे उन्हात चांगला तापवून घ्या आणि वर कागद चिकटवा, कच्च्या अंड्याचा डाग असलेला ट्रे मुलांच्या हातात नको. आमच्या घरी सासूबाई शाकाहारी, त्यांनी ट्रे दारातच अडवला, मग बुटाच्या खोक्याच्या झाकणावर स्केचपेननं दहा चौकोन आखले, तेही तितकंच चालतं.

चिंचोके भरताना नियम एकच, आधी वरची ओळ पाच भरायची मग खालची. म्हणजे सात म्हणजे वर पाच, खाली दोन आणि रिकामे तीन. मुलाला एका नजरेत दोन गोष्टी दिसतात, सातात पाच आहेत आणि दहाला तीन कमी आहेत. ही दुसरी गोष्ट आपल्याला पुढं लागणार आहे म्हणून प्रश्न नेहमी रिकाम्या खळग्यांचा विचारायचा, "अजून किती आले की ट्रे भरेल?"

दहाच्या जोड्या फार नाहीत, १ नि ९, २ नि ८, ३ नि ७, ४ नि ६, ५ नि ५. या मात्र झोपेतून उठवून विचारलं तरी यायला हव्यात, पाढ्यासारख्या. यासाठी पत्ते काढा. दश्शी, गुलाम, राणी, राजा बाजूला, एक्का म्हणजे एक. उरतात ३६ पत्ते. सगळे पालथे पसरायचे, एका वेळी दोन उघडायचे, दहा झाले तर उचलायचे, नाही तर परत पालथे. शेवटी बरोबर १८ जोड्या होतात, एकही पत्ता उरत नाही, आणि उरला तर कुणीतरी सोफ्याखाली घातलाय असं समजायचं. या खेळात पाच वर्षांची पोरं आपल्याला खरंच हरवतात, मुद्दाम हरायची गरज पडत नाही.

जिना चढताना, दात घासताना, रिक्षात, "सहा!" म्हटलं की त्यानं "चार!" म्हणायचं. आजोबांना यात ओढा, ते दमत नाहीत.

पायरी ३: दहा नि काहीतरी

ही पायरी छोटी वाटते म्हणून सगळे वगळतात आणि मग पुढची पायरी का जमत नाही म्हणून डोकं खाजवतात. १० + ७ किती? आपल्याला ते गणित वाटतच नाही. पण मुलाच्या कानानं ऐका. अकरा, बारा, तेरा, चौदा, पंधरा, सोळा, सतरा, अठरा. यात दहा कुठं ऐकू येतंय? चिनी भाषेत अकराला सरळ "दहा एक" म्हणतात, आपल्याकडं "सतरा" हा शब्द पोरासाठी नुसता एक आवाज आहे, त्यात दहा नि सात लपलेत हे त्याला कुणीतरी दाखवावं लागतं.

दहा काड्यांचा गठ्ठा रबरबँडनं बांधा. हा दशक, आणि बाकीच्या सुट्ट्या. एक गठ्ठा आणि सात सुट्ट्या समोर ठेवायच्या, "दहा नि सात, सतरा". आम्ही आठवडाभर घरात प्रत्येक संख्येला दोन नावं ठेवली होती, एक शाळेचं नाव आणि एक घरचं नाव, जसं आपलं पाळण्यातलं नाव वेगळं आणि हाक मारायचं वेगळं. सोळाचं घरचं नाव दहासहा. "दहासहा पोळ्या झाल्या गं" असं आजीसुद्धा म्हणायला लागल्या.

गठ्ठा सोडून परत मोजू दे मुलाला, दोन-चार वेळा सोडेल, दहाच निघतात याची खात्री पटली की आपोआप बंद करेल. तोवर ओरडू नका.

पायरी ४: दहाचा पूल

आता खरी बेरीज. ८ + ५. दोन चौकटी शेजारी शेजारी ठेवा, एकीत आठ चिंचोके, दुसरीत पाच. काही सांगू नका, फक्त विचारा, "पहिला ट्रे भरायला किती हवेत?" मूल म्हणेल दोन. "कुठून आणायचे?" शेजारच्या पाचातून. मूल स्वतःच्या हातानं दोन चिंचोके उचलून पहिल्या ट्रेमध्ये ठेवतं, आता पहिला भरलेला, दुसऱ्यात तीन. दहा नि तीन, तेरा. आई आणि लेकीची बोटं होती तेच हे.

यात मुलाच्या डोक्यात तीन कामं चालतात. आठाला दहा व्हायला दोन हवेत हे आठवणं, पाचाचे दोन नि तीन करणं, दहा नि तीन तेरा म्हणणं. वर ज्या तीन पायऱ्या केल्या त्या या तीन कामांसाठीच होत्या. म्हणून मूल ८ + ५ ला अडलं की "अगं विचार कर ना" म्हणून उपयोग नसतो, कुठल्या कामाला अडलंय ते शोधा. "आठाला किती हवेत?" आलं नाही तर परत पत्ते. "पाचातून दोन दिले, उरले किती?" आलं नाही तर परत मुठी. "दहा नि तीन?" ला मूल अकरा, बारा, तेरा असं मोजायला लागलं तर परत काड्यांचा गठ्ठा. एक पायरी मागं जायला लाज वाटू द्यायची नाही, मुलालाही नाही आणि आपल्यालाही.

शेजारच्या एका मुलाला महिनाभर हे जमेना, मी दहाच्या जोड्या घासून घेतल्या, त्या तर पक्क्या होत्या. मग लक्षात आलं की तो ३ + ९ ला तीनापासून सुरू करायचा, तीनाला सात हवेत, नवाचे सात नि दोन, सगळं बरोबर पण दमछाक. मोठी संख्या आधी धरायची एवढं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. ट्रेमध्ये नऊ भरून दाखवले, एकच खळगा रिकामा, तो म्हणाला, "हां मग एकच द्यायचा ना."

पालकांना एक दिलासा देते. एकअंकी संख्यांच्या बेरजा ज्यात उत्तर दहाच्या पुढं जातं, उलटसुलट एकच धरल्या तर त्या फक्त २० आहेत. नवाच्या ८ (९ + २ पासून ९ + ९ पर्यंत), आठाच्या ६, सातच्या ४ आणि सहाच्या २. यातल्या नवाच्या आठही सगळ्यात सोप्या कारण नवाला नेहमी एकच हवा असतो, ९ + ६ म्हणजे १० + ५. मग ६ + ६, ७ + ७, ८ + ८ या जुळ्या बेचा पाढा ज्याला येतो त्याला येतातच, बे सक बारा, बे साती चौदा. उरल्या किती? नऊ. पहिलीचं अख्खं वर्ष आहे नऊ बेरजांसाठी.

आणि सगळ्या बेरजांना दहाचाच पूल हवा असं अजिबात नाही. ७ + ६ ला माझी लेक म्हणते "सहा नि सहा बारा आणि एक तेरा". तिचा मित्र दोन्हीतले पाच-पाच बाहेर काढतो, पाच नि पाच दहा, उरले दोन नि एक, तेरा. दोन्ही मस्त. मूल वेगळ्या वाटेनं गेलं तर "असं नाही, मी शिकवलं तसं कर" म्हणू नका, "कसं केलंस सांग ना" म्हणा. कधीकधी चुकीच्या उत्तरामागं सुद्धा वाट बरोबर असते आणि फक्त शेवटचं मोजणं चुकलेलं असतं.

वहीत लिहिताना एक खड्डा आहे. मुलं डोक्यात जसं चाललंय तसं लिहितात, ८ + २ = १० + ३ = १३. विचार बरोबर पण लिहिणं चूक, कारण ८ + २ आणि १३ बरोबर नाहीत. आमच्या शाळेत यावर फुली आली आणि पोरगी रडत घरी, तिला वाटलं उत्तर चुकलं. बाई चुकल्या नव्हत्या पण कारण सांगितलं नव्हतं. म्हणून सुरुवातीला फांद्याच काढू द्या, पाचाखाली २ आणि ३, आणि आठ नि दोनभोवती एक गोल, शेजारी १३. वाक्याच्या रूपात लिहायचंच तर दोन ओळीत, ८ + २ = १०, खाली १० + ३ = १३.

बोटांचं काय करायचं हे सगळे विचारतात. मोजू द्या. बोटं वाईट नाहीत, आमच्या सासूबाई आजही बोटांच्या पेरांवर दुधाचा हिशोब करतात आणि त्यात चूक निघत नाही. फक्त आठ बोटं एक-एक करत न उघडता एकदम उघडायला शिकवा, पाचाचा एक पंजा आणि वर तीन. हातावर पट्टी मारून बोटं बंद होत नाहीत, फक्त टेबलाखाली जातात.

पायरी ५: दोन अंकी संख्या, आणि आपल्या मराठीची गंमत

लेकीला एकदा पाटीवर "सत्तेचाळीस" लिही म्हटलं. तिनं आधी ७ लिहिला, मग त्याच्या उजवीकडं ४. वाचायला सांगितलं तर म्हणाली, "सत्ते… चाळीस." तिच्या बाजूनं बघा, कानावर आधी सात येतो, हात आधी सात लिहितो, यात तिची काय चूक? मराठीत एकक आधी बोलतो आणि दशक आधी लिहितो, हा घोळ जर्मन पोरांनाही होतो कारण त्यांच्याकडंही असंच "सात आणि चाळीस" आहे. आमच्या शेजारी कानडी बोलणारं घर आहे, त्यांच्या एकवीसला "इप्पत्तोंदु", म्हणजे वीस नि एक, जसं लिहायचं तसंच बोलायचं.

आठवत असेल तर २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक", "सत्तर दोन" असं वाचन आलं आणि केवढा गदारोळ झाला, विषय विधानसभेपर्यंत गेला, फोनवर विनोदांचा पूर आला. त्या गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर होत्या, जोडाक्षरं आणि उलटा क्रम यानं मुलं गणितालाच घाबरतात हे त्यांचं म्हणणं होतं. भाषेचं काय व्हायचं ते होवो, मी त्या वादात पडत नाही, पण शिकवताना मला "चाळीस सात" फार उपयोगी पडलं. आमच्या घरचं नाव आणि शाळेचं नाव ही पद्धत तिथंही चालली, घरचं नाव चाळीस सात, शाळेचं नाव सत्तेचाळीस. शब्द जात नाही, फक्त दार उघडतं.

आता ४७ + २८ घेऊ. काड्या मांडा, चार गठ्ठे सात सुट्ट्या, दोन गठ्ठे आठ सुट्ट्या. पहिली वाट, दोन्ही संख्या फोडायच्या. चाळीस नि वीस साठ, सात नि आठ पंधरा, साठ नि पंधरा पंच्याहत्तर. लक्षात घ्या, दशक आधी केले, उजवीकडून सुरुवात केली नाही, तोंडी हिशोबात मुलांना डावीकडूनच सोपं जातं आणि उत्तर साधारण केवढं येणार हे आधीच कळतं.

दुसरी वाट, एकच संख्या फोडायची. सत्तेचाळीसला पन्नास व्हायला तीन हवेत, अठ्ठावीसातले तीन दिले, उरले पंचवीस, पन्नास नि पंचवीस पंच्याहत्तर. हे तर दहाच्या पुलासारखंच, फक्त पूल पन्नासवर बांधला. कागदावर एक कोरी रेघ मारायची, डाव्या टोकाला ४७, तिथून छोटी उडी तीनची ५० वर, मग मोठी उडी पंचवीसची ७५ वर. आकडे मापात नसले तरी चालतं, ती पट्टी नाही, फक्त उड्यांची आठवण आहे.

तिसरी वाट मराठीनंच आपल्याला बांधून दिलीय आणि आपण ती वापरतच नाही. एकोणतीस. एकोण म्हणजे एक नि ऊन, आणि इथला ऊन म्हणजे कमी, तीसला एक कमी. एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी, एकोणनव्वद, प्रत्येक नावातच सांगितलंय की एक दिला की दशक पुरा. पोरांना पाठांतराच्या वेळी हाच एकोण सगळ्यात जास्त छळतो, ३९ ला एकोणतीस म्हणतात कारण ३ दिसतो. पण एकदा त्याचा अर्थ सांगितला की चित्र बदलतं. २९ + १६? "तीसला एक कमी, मग सोळातला एक दे त्याला." तीस नि पंधरा, पंचेचाळीस. फक्त ९९ ला ही सोय नाही, तिथं नव्याण्णव म्हणतात, का म्हणून विचारलंत तर मी सांगणार नाही, पोरांनाही "ते हट्टी आहे" म्हणून सांगते.

या पायरीला वही कमी आणि बाजार जास्त. आठवडी बाजारात सासूबाईंबरोबर लेकीला पाठवायला लागले. भेंडी अडतीसची, वांगी पंचवीसची. सासूबाई चौथी शिकलेल्या, पुटपुटतात, "अडतीस नि दोन चाळीस, नि तेवीस, त्रेसष्ट." आणि भाजीवाली मावशी शंभरातून परत देताना वजाबाकी करतच नाही, हातावर पैसे ठेवत मोजते, "त्रेसष्ट… हे सात, सत्तर… आणि हे तीस, शंभर." हातात सदतीस रुपये आले. यूपीआयनं हा सगळा वर्ग बंद पाडलाय म्हणा, म्हणून आठवड्यातून एकदा तरी मुद्दाम रोख न्या, दहाच्या नोटा आणि सुट्टी नाणी. दशक आणि सुट्टे, दुसरं काय.

आणि मग हातचा

एवढं झाल्यावर उभी मांडणी दहा मिनिटांचं काम आहे. ४७ खाली २८, सात नि आठ पंधरा, पाच खाली लिहिले आणि हातचा एक. कशाचा एक? विचारा मुलाला. काड्या समोर असतील तर ते पंधरा सुट्ट्यांतल्या दहा उचलून रबरबँड लावेल आणि गठ्ठ्यांच्या बाजूला सरकवेल. तो गठ्ठा म्हणजे हातचा. ज्यांना हे दाखवलेलं नसतं ती मुलं बिनधास्त ४७ + २८ = ६१५ लिहितात, चार नि दोन सहा आणि सात नि आठ पंधरा शेजारी शेजारी, आणि त्यांना त्यात काही खटकत नाही. डावीकडून तोंडी करणारं मूल मात्र लगेच म्हणतं, "साठ आणि थोडं, सहाशे कुठून आलं?"

शाळेत आधीच उभी मांडणी सुरू झाली असेल तर भांडायला जाऊ नका. शाळेची पद्धत शाळेत, घरी तोंडी. दोन पद्धतींनी उत्तर एकच येतं का हे तपासायचा खेळ करा, बहुतेक मुलांना तो आवडतो. वर्कशीटचे गठ्ठे मात्र विकत आणू नका बाबांनो, एका पानावर चाळीस बेरजा दिल्या की मूल फोडायचं सोडून देतं आणि पटापट मोजत सुटतं. चारच द्या आणि प्रत्येक कशी केली ते तोंडानं सांगू द्या.

वजाबाकी वेगळी शिकवावी लागेल असं मला वाटलं होतं. मी नुसतं विचारून बघितलं, तेरातून पाच गेले तर? ती परत माझ्याकडं आली, स्वतःची दहा बोटं उघडली, माझी तीन उघडायला लावली. मग आधी माझी तीन मिटवली, जरा थांबली, आणि स्वतःची दोन.